दूरचित्रवाणी : तिची जन्मकथा आणि शिक्षकाचे कार्य

दूरचित्रवाणी ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. गावातील बहुतेक घरांत ती आहे, ग्रामपंचायतीच्या कचेरीत आहे आणि लोकवर्गणीतून वा अन्य मार्गाने ती पुष्कळ प्राथमिक शाळांच्या वर्गांतही येऊन पोहोचली आहे. ज्या वस्तूचा परिचय रोजचा असतो तिजविषयी प्रश्न विचारण्याचे मोठी माणसे सोडून देतात. मुले मात्र सोडीत नाहीत. “गुरुजी, दिल्लीतला माणूस इथे कसा दिसतो?” असे चौथीतील एखादा विद्यार्थी विचारतो आणि “ते लहरींतून येते” एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण होते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते उत्तरही नव्हे. चित्र लहरींत शिरले कसे आणि तिच्यातून पुन्हा बाहेर आले कसे, हा प्रश्न तसाच राहतो.

या प्रश्नाचे उत्तर मुळात सोपे आहे आणि ते शोधून काढण्यास मात्र पन्नासांहून अधिक वर्षे लागली. हे उत्तर शिक्षकास ठाऊक असेल तर ते फळा, खडू आणि चौकटीचा कागद एवढ्या साधनांनी तिसरी-चौथीच्या वर्गासही समजावून देता येते. शिवाय या शोधाच्या इतिहासात एका खेड्यातील शाळेचा, तेथील एका शिक्षकाचा आणि एका फळ्याचा संबंध आलेला आहे. म्हणून ही कथा प्राथमिक शिक्षकांनी मुळापासून जाणून घेणे अगत्याचे आहे.

१. मूळ अडचण

ध्वनी दूर पाठविण्याची विद्या चित्रापेक्षा पुष्कळ आधी साध्य झाली. ग्रॅहॅम बेलने दूरध्वनीचे पेटंट १८७६ साली मिळविले. ध्वनी हा एकामागून एक येतो. ‘कमल’ हा शब्द उच्चारताना प्रथम ‘क’, मग ‘म’, मग ‘ल’ असा क्रम असतो. त्यामुळे ध्वनीच्या चढउतारांबरहुकूम तारेतील विजेचा प्रवाह कमीअधिक केला की काम भागते.

चित्राचे तसे नाही. चित्राचे सर्व भाग एकाच वेळी समोर असतात. झाड, झाडाखालची गाय, गाईजवळचा गुराखी, मागचा डोंगर हे सर्व डोळ्यास एकदम दिसते. तारेतून किंवा लहरीतून मात्र एका क्षणी एकच संदेश जाऊ शकतो. एका चिंचोळ्या दारातून संपूर्ण जत्रा एकदम कशी बाहेर काढावी, अशातली ही अडचण होती. प्रारंभीच्या काही संशोधकांनी चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी एक स्वतंत्र तार जोडण्याच्या योजना मांडल्या. पण एका चित्रासाठी हजारो तारा ओढणे व्यवहारात अशक्य होते.

यावर एकच मार्ग होता. दारातून जत्रा जावयाची असेल तर माणसांनी ओळ धरली पाहिजे. चित्राचे लहान लहान तुकडे करावयाचे, ते ठरलेल्या क्रमाने एकामागून एक पाठवावयाचे आणि पलीकडे त्याच क्रमाने पुन्हा आपापल्या जागी मांडावयाचे. या क्रियेस मराठीत क्रमवीक्षण असे नाव आहे. दूरचित्रवाणीचा सर्व इतिहास म्हणजे हे तुकडे अधिकाधिक बारीक आणि अधिकाधिक वेगाने कसे करता येतील, याचाच इतिहास होय.

२. अलातचक्र

तुकडे एकामागून एक मांडले तर पाहणाऱ्यास तुकडेच दिसतील, अखंड चित्र दिसणार नाही, अशी शंका कोणी घेईल. येथे मानवी दृष्टीचा एक धर्म साहाय्यास येतो. रात्री अंधारात जळते कोलीत गरगर फिरविले तर ठिणगी दिसत नाही, अग्नीचे वर्तुळ दिसते. आपल्या प्राचीन ग्रंथकारांस हे पुरते ठाऊक होते. त्यांनी त्यास अलातचक्र असे नाव दिले आणि भासाचा दृष्टान्त म्हणून वेदान्तातही त्याचा उपयोग केला. डोळ्यावर उमटलेला ठसा प्रकाश गेल्यावर तत्काळ पुसला जात नाही. तो क्षणभर टिकतो, आणि भराभर येणारे ठसे मेंदू एकमेकांशी जोडून घेतो. म्हणून चित्राचे सर्व तुकडे सेकंदाच्या अत्यल्प भागात मांडून पुरे झाले, तर पाहणाऱ्यास चित्र अखंड दिसते. आणि अशी चित्रे सेकंदाला पंचवीसच्या वेगाने पालटली तर ती हालताना दिसतात. कोलीत एकच असते, वर्तुळ डोळ्याने रचलेले असते. दूरचित्रवाणीचे चित्रही तसेच आहे.

३. सेलेनियम आणि भोकांची तबकडी

प्रकाशाचे विजेत रूपांतर करण्याचा पहिला धागा अनपेक्षितपणे हाती लागला. समुद्रतळाशी घातलेल्या तारायंत्राच्या केबलींची तपासणी करताना विलोबी स्मिथ हे इंग्रज अभियंते सेलेनियम या मूलद्रव्याच्या कांड्या वापरीत असत. त्या कांड्यांवर उजेड पडला की त्यांतून वीज अधिक सुलभतेने वाहते व अंधारात ती अडते, असे दिसून आले. ही गोष्ट १८७३ साली जाहीर झाली. उजेडाचे कमीअधिक होणे विजेच्या कमीअधिक होण्यात उतरविता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

चित्राचे तुकडे करण्याची युक्ती जर्मनीतील पाउल निपको या तरुण विद्यार्थ्याने काढली. त्याच्या पेटंटावर ६ जानेवारी १८८४ ही तारीख आहे. त्याने एका गोल तबकडीस चोवीस बारीक भोके पाडावयाची कल्पना मांडली. ही भोके वर्तुळात नव्हे, तर गोगलगाईच्या शंखाप्रमाणे आत आत वळत जाणाऱ्या रेषेवर असावयाची. चित्रासमोर तबकडी फिरू लागली की पहिले भोक चित्राच्या वरच्या कडेवरून एक ओळ ओलांडते, दुसरे त्याच्या किंचित खालची ओळ, तिसरे त्याच्याही खालची. तबकडीचा एक फेरा पुरा झाला की चित्राच्या चोवीस ओळी वाचून होतात. भोकातून येणारा उजेड सेलेनियमवर पडावयाचा, त्याची वीज व्हावयाची आणि पलीकडे तशाच फिरणाऱ्या दुसऱ्या तबकडीतून चित्र पुन्हा उभे राहावयाचे. निपकोच्या हातून हे यंत्र प्रत्यक्षात उतरले नाही. विजेचा क्षीण प्रवाह वाढविण्याचे साधन त्या काळी नव्हते आणि सेलेनियमही मंद होते. पेटंटाची मुदत संपून गेली. ‘टेलिव्हिजन’ हा शब्द मात्र पुढे १९०० साली पॅरिस येथील एका परिषदेत पेर्स्की या रशियन गृहस्थाच्या निबंधातून रूढ झाला. त्यातील पहिला भाग ग्रीक व दुसरा लॅटिन असून त्याचा अर्थ दूरचे दर्शन असा आहे. आपल्याकडील ‘दूरदर्शन’ हे नाव त्याच अर्थाचे आहे.

४. बेअर्डची खटपट

निपकोची तबकडी प्रत्यक्ष कामास लावून माणसाचा चेहरा दूर दाखविण्याचे श्रेय स्कॉटलंडच्या जॉन लोगी बेअर्ड यांजकडे जाते. प्रकृतीने अशक्त व पैशाने तंग असलेल्या या गृहस्थांनी चहाचे खोके, बिस्किटांचा डबा, रफूच्या सुया असले सामान जमवून आपले पहिले यंत्र जुळविले. २ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमधील आपल्या खोलीत त्यांना एका बोलक्या बाहुल्याचा चेहरा छायाप्रकाशासह पडद्यावर दिसला. ते धावत खालच्या मजल्यावर गेले आणि तेथील कचेरीत काम करणाऱ्या विल्यम टेंटन या पोऱ्यास वर घेऊन आले. दिव्यांची आच असह्य होऊन पोऱ्या मागे सरके, तेव्हा त्याच्या हातावर अर्धा क्राउन ठेवून त्यास यंत्रापुढे बसविण्यात आले. दूरचित्रवाणीवर दिसलेला पहिला जिवंत चेहरा तो या पोऱ्याचा होय. २६ जानेवारी १९२६ रोजी बेअर्ड यांनी लंडन येथे शास्त्रज्ञांसमोर आपले यंत्र चालवून दाखविले.

त्या चित्रात अवघ्या तीस ओळी होत्या. चेहरा ओळखू येई, एवढेच. अधिक ओळी हव्या तर अधिक भोकांची व अधिक मोठी तबकडी हवी, तीही अधिक वेगाने फिरणारी. आणि धातूच्या तबकडीच्या वेगास मर्यादा असते. फिरणाऱ्या यंत्राची वाट येथे खुंटली. ज्यास वजन जवळजवळ नाही आणि जे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत हजारो वेळा इकडून तिकडे फिरू शकेल, असे काहीतरी हवे होते. ते साधन इलेक्ट्रॉन हे होय.

५. शेत, फळा आणि शिक्षक

फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली ऋण किरण नलिका तयार केली होती. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांची एक बारीक शलाका सोडावयाची आणि ती चमकणाऱ्या लेपाच्या पडद्यावर आदळली की तेथे प्रकाशाचा ठिपका उमटावयाचा, अशी तिची रचना होती. ही शलाका चुंबकाने हवी तिकडे वळविता येते. रशियात बोरिस रोझिंग यांनी १९०७ पासून चित्र दाखविण्यासाठी तिचा उपयोग करून पाहिला. इंग्लंडात कॅम्बेल स्विंटन यांनी १९०८ साली चित्र घेणे व चित्र दाखविणे ही दोन्ही कामे अशाच नळ्यांनी व्हावीत अशी सूचना केली. जपानमध्ये ताकायानागी केन्जिरो यांनी २५ डिसेंबर १९२६ रोजी अशा नळीच्या पडद्यावर जपानी लिपीतील एक अक्षर उमटविले. मात्र चित्र घेण्यासाठी त्यांनीही तबकडीच वापरली होती.

तबकडी दोन्ही बाजूंनी काढून टाकण्याची कल्पना एका शेतकऱ्याच्या मुलास सुचली. फायलो फार्न्सवर्थ हा १९०६ साली अमेरिकेच्या यूटा राज्यात जन्मला. पुढे त्याचे कुटुंब आयडाहो राज्यात रिग्बी या गावाजवळच्या शेतावर राहावयास गेले. विजेविषयीची जुनी मासिके वाचण्याचा त्यास छंद होता. चौदा-पंधरा वर्षांचा असताना बटाट्याच्या शेतात घोड्यांचे औत हाकताना त्याचे लक्ष मागे पडलेल्या तासांकडे गेले, असे सांगतात. शेत एकदम नांगरले जात नाही. एक तास, मग त्यालगत दुसरा, मग तिसरा असे करीत अखेर सर्व शेत नांगरून होते. चित्रही इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने असेच तासातासाने वाचावे, हा विचार त्याच्या मनात आला.

ही कल्पना सांगावी कोणास? वर्गसोबत्यांस ती कळण्यासारखी नव्हती. रिग्बीच्या शाळेत जस्टिन टॉलमन हे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. फायलोने वरच्या वर्गाच्या तासांना बसू देण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. १९२२ च्या प्रारंभी एके दिवशी या मुलाने टॉलमन यांच्या वर्गातील फळा आकृत्यांनी व समीकरणांनी भरून टाकला. रसायनशास्त्राशी त्याचा काही संबंध नव्हता. नेमलेला अभ्यासक्रम सोडून हे काय चालविले आहे, असे म्हणून फळा पुसून टाकणे अगदी सोपे होते. टॉलमन यांनी तसे केले नाही. त्यांनी ऐकून घेतले, प्रश्न विचारले आणि मुलास समजावून सांगण्यास लावले.

७ सप्टेंबर १९२७ रोजी सान फ्रान्सिस्को येथील आपल्या प्रयोगशाळेत फार्न्सवर्थने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पहिले चित्र पाठविले. ते चित्र म्हणजे केवळ एक सरळ रेषा होती. काच फिरविली तशी ती रेषाही पडद्यावर फिरली. फिरणारी तबकडी कोठेही नव्हती. त्या वेळी त्याचे वय एकवीस वर्षांचे होते. १९३० साली त्यास पेटंट मिळाले.

पुढे वाद उत्पन्न झाला. रोझिंग यांचे शिष्य व्लादिमिर झ्वोरिकिन हे अमेरिकेत येऊन याच विषयावर काम करीत होते व त्यांचा अर्ज १९२३ सालचा होता. ते ज्या रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या बलाढ्य कंपनीच्या सेवेत होते तिने शोधाचा अग्रमान आपला असल्याचा दावा केला. तेव्हा टॉलमन यांस शोधून काढण्यात आले. त्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने आपल्या फळ्यावर काय काढले होते, त्याची हकीकत साक्षीत सांगितली. निर्णय केवळ या साक्षीवर लागला नाही. दोन्ही यंत्रांच्या आराखड्यांचा व अर्जातील मजकुराचा कीस काढून तो देण्यात आला. १९३४ साली पेटंट कचेरीने अग्रमान फार्न्सवर्थ यास दिला आणि १९३९ साली त्या मोठ्या कंपनीने त्याच्या पेटंटाच्या वापरासाठी शुल्क देण्याचे मान्य केले.

तरीही न्याय दोघांसही दिला पाहिजे. फार्न्सवर्थच्या नळीस फार प्रखर उजेड लागे, कारण ज्या क्षणी एक ठिपका वाचला जाई त्या क्षणी उरलेल्या सर्व ठिपक्यांचा उजेड वाया जाई. झ्वोरिकिन यांनी १९३३ साली जाहीर केलेल्या आयकोनोस्कोप या नळीत प्रत्येक ठिपका आपली पाळी येईपर्यंत उजेडाची वीज साठवून ठेवी. त्यामुळे साध्या उजेडातही चित्र घेता येऊ लागले. शोध एकाच्या नावावर चढतो. परंतु तो पुरा होण्यास अनेकांचे हात लागतात, हे मुलांस अवश्य सांगावे.

६. प्रक्षेपणास प्रारंभ

बर्लिन येथे १९३५ च्या मार्चमध्ये नियमित प्रक्षेपण सुरू झाले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून प्रक्षेपणास आरंभ केला. तेथे बेअर्ड यांची २४० ओळींची आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ ओळींची अशा दोन पद्धती आळीपाळीने वापरून पाहण्यात आल्या. काही महिन्यांतच बेअर्ड यांची पद्धत बाजूस पडली. ज्याने प्रथम चेहरा दाखविला त्याचे यंत्र मागे राहिले आणि त्याने दाखविलेली शक्यता मात्र पुढे गेली. दुसरे महायुद्ध सुरू होताच १ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनचे प्रक्षेपण थांबविण्यात आले. ते ७ जून १९४६ रोजी पुन्हा सुरू झाले.

पुढे भारतानेही स्वीकारलेल्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी व सेकंदास २५ चित्रे असत. म्हणजे शलाका एका सेकंदात १५,६२५ ओळी काढी. प्रत्येक ओळीच्या अखेरीस प्रक्षेपण केंद्राकडून एक खुणेचा संकेत येई, त्यामुळे घरातील संचाची शलाका केंद्राच्या शलाकेबरोबर पाऊल मिळवून चाले. जुन्या संचावरील चित्र कधी तिरके होऊन घसरत असे किंवा वरखाली पळत असे, त्याचे कारण हे पाऊल चुकणे हेच होते.

रंगांच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने डोळ्यास बहुतेक सर्व रंगांचा भास होतो. म्हणून चित्राचे तीन रंगांत पृथक्करण करून ते पाठविले जाते. अमेरिकेने १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाची अशी पद्धत मान्य केली, की तिच्यात चित्राची उजळता व त्याचा रंग यांचे संकेत वेगळे ठेवलेले होते. त्यामुळे ज्यांच्या घरी कृष्णधवल संच होता त्यांनाही तेच चित्र दिसू शके. नवे आणताना जुन्याची सोय मोडू नये, ही यातील दूरदृष्टी लक्षात घेण्यासारखी आहे.

७. भारतातील वाटचाल

भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे युनेस्कोच्या साहाय्याने प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. १९६१ पासून दिल्लीतील शाळांसाठी पाठ दाखविण्यात येऊ लागले. म्हणजे आपल्या देशात दूरचित्रवाणीने करमणुकीपूर्वी शाळेत पाऊल टाकले, असे म्हणण्यास हरकत नाही. १९६७ च्या प्रजासत्ताक दिनी शेतकऱ्यांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र निघाले आणि पुढील वर्षी पुण्यानजीक सिंहगडावरील मनोऱ्यामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले.

मनोरा गडावर का उभारावा लागला, हे समजून घेणे उपयुक्त आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर त्या जमिनीपासून उंच निघून जातात, आणि मध्ये डोंगर आला तर त्याच्या पलीकडे फारशा उतरत नाहीत. म्हणून मनोरा जितका उंच तितका त्याचा टापू मोठा. तरीही घाटाखालचे गाव व दरीतील वाडी त्यातून वगळलेलीच राही. यावर उपाय म्हणजे मनोरा आकाशातच नेणे. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीबरोबर फिरतो, त्यामुळे तो एकाच जागी स्थिर असल्यासारखा भासतो. त्याला डोंगराची आडकाठी नसते.

या कल्पनेचा मोठा प्रयोग भारतानेच केला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन भारतीय अवकाश संशोधन संस्थेने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविली. ही राज्ये आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान ही होत. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशा तारेच्या जाळीची सुमारे दहा फूट व्यासाची थाळी उभारून संकेत घेतले जात. सकाळी शाळेतील मुलांसाठी व संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम असत. सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांस विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही याच मार्गाने देण्यात आले. वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि बहुतेक गावांतील पडदे काळे पडले. परंतु प्रयोगाचे फलित मागे राहिले. मुलांच्या भाषाविकासात व चौकसपणात भर पडल्याचे पाहणीत दिसले. शालेय विषयांतील संपादणुकीत मात्र तशी वाढ आढळली नाही. पडदा मुलास शब्द देतो, कुतूहल देतो. विषय पक्का करून देत नाही, असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

१९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण आले आणि १९८३ साली सोडलेल्या इन्सॅट-१ बी या उपग्रहामुळे दूरचित्रवाणीचे जाळे देशभर पसरले. १९८४ साली पुणे येथे ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन होऊन तिने मराठी शाळकरी मुलांसाठी अनेक वर्षे कार्यक्रम तयार केले; ती २०१७ साली बंद झाली. २०२० साली महासाथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ या मालिकेने पहिली ते आठवीच्या मुलांपर्यंत पाठ नेले. ज्या घरी भ्रमणध्वनी नव्हता तेथे अशा प्रक्षेपणाचा आधार वाटला. त्याच वेळी समोर शिक्षक नसला की मूल काय गमावते, हेही सर्वांच्या प्रत्ययास आले.

८. ठिपक्यांचे अंक

गेल्या काही दशकांत काचेची वजनदार नळी नाहीशी झाली आणि सपाट पडदा आला. त्यात फिरणारी शलाका नसते. प्रत्येक ठिपक्यास आपली जागा नेमून दिलेली असते व ओळीमागून ओळ अशा क्रमाने त्यांस उजळण्याची आज्ञा मिळते. तासाचा नियम येथेही सुटलेला नाही. आज सामान्यपणे आढळणाऱ्या स्पष्ट चित्राच्या पडद्यावर १,०८० ओळी व प्रत्येक ओळीत १,९२० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात.

दुसरा मोठा बदल असा की, पूर्वी उजेडाच्या चढउतारानुसार लहर कमीअधिक होई. आता प्रत्येक ठिपक्याचा उजेड व रंग अंकांत लिहून ते अंकच पाठविले जातात. हे अंक इतके असतात की ते सर्वच पाठवू म्हटले तर मार्ग अपुरा पडेल. म्हणून हिशेबाने काटकसर केली जाते. निवेदकाच्या मागची भिंत क्षणाक्षणाला बदलत नाही, तेव्हा ती पुनःपुन्हा न पाठविता जेवढे बदलले तेवढेच कळविले जाते. पावसाने चित्र अडखळले की पडद्यावर चौकोन दिसू लागतात, ते या हिशेबातील हरवलेल्या रकमा होत.

९. वर्गात करावयाच्या कृती

(अ) दोन मुलांस पाठीस पाठ लावून बसवावे व प्रत्येकास आठ गुणिले आठ चौकटींचा कागद द्यावा. पहिल्याच्या कागदावर काही चौकटी काळ्या करून ‘ग’ हे अक्षर काढलेले असावे. त्याने डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीने ‘काळे’, ‘पांढरे’ असे सांगत जावे व दुसऱ्याने त्याप्रमाणे चौकटी भराव्यात. अक्षर न पाहता ते दुसऱ्या कागदावर उमटलेले पाहून मुलांस मोठा आनंद होतो. हेच क्रमवीक्षण.

(आ) पुढच्या खेपेस ऐकणाऱ्याने मुद्दाम एक चौकट चुकवावी. पुढचे सर्व अक्षर सरकून वेडेवाकडे होते. मग सांगणाऱ्याने प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘ओळ संपली’ असे म्हणावे. आता चूक त्या ओळीपुरतीच राहते. ओळीअखेरच्या संकेताचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.

(इ) हेच अक्षर सोळा गुणिले सोळा चौकटींत पाठवावे. अक्षर सुबक येते, परंतु वेळ चौपट लागतो. सेकंदास एक चौकट या वेगाने, जुना संच एका सेकंदात जे काम करी ते मुलांस करावयाचे झाले, तर अहोरात्र बसून जवळजवळ चार महिने लागतील, हा हिशेब वरच्या वर्गाकडून सोडवून घ्यावा. त्यासाठी एका चित्रात ४ लक्ष चौकटी व सेकंदास २५ चित्रे धरावीत.

(ई) भिंगाने वर्गातील संचाचा पडदा पाहावा. पांढऱ्या दिसणाऱ्या भागात तांबडे, हिरवे व निळे ठिपकेच आढळतात. पांढरा ठिपका एकही नसतो.

१०. शिक्षकाचे स्थान

वर्गातील पडदा म्हणजे शिक्षकाची सुट्टी नव्हे. कार्यक्रमापूर्वी पाच मिनिटे देऊन काय पाहावयाचे ते सांगावे व दोन-तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत. कार्यक्रम चालू असता कोणत्या मुलाचे लक्ष कोठे सुटते, कोणता शब्द कोणास अडतो, हे मुलांच्या चेहऱ्यांवरून टिपावे. नंतर चर्चा घ्यावी आणि जे पाहिले ते आपल्या गावात कोठे आढळते, याचा शोध मुलांकडून करवावा. समुद्र, हिमाच्छादित शिखरे, पेशींचे विभाजन या गोष्टी पडद्यावर दाखवाव्यात. गावचा ओढा, अंगणातील मुंग्यांची रांग व शिवारातील माती यांसाठी मात्र मुलांस बाहेर न्यावे. जे हाताशी आहे ते पडद्यावर दाखविणे हा त्या साधनाचा दुरुपयोग होय.

दूरचित्रवाणीत दीडशे वर्षांत अनेक सुधारणा झाल्या. ओळी वाढल्या, रंग आले, मनोरा आकाशात गेला. तरीही प्रक्षेपण हे एका बाजूनेच चालते. पडदा हजारो मैलांवरचे दाखवितो. परंतु समोर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांतील शंका त्यास दिसत नाही आणि हात वर केलेल्या मुलास तो थांबून ‘काय रे?’ असे विचारीत नाही. ते कार्य शिक्षकाचे आहे. रिग्बीच्या शाळेत एका मुलाने भलतीच आकृती काढली तेव्हा शिक्षकाने फळा पुसला नाही आणि पुढे वर्षानुवर्षे ती आकृती लक्षात ठेवली. आपल्या शाळेच्या फळ्यावरही कोणी बालक काही वेगळे रेखाटीत असेल. ते पुसण्यापूर्वी त्याचा अर्थ त्यास विचारावा.